नाखवा म्हणायचं राहिलं

आमच्या बोटीवर 'कॅप्टन' हा शब्द फक्त परवान्याच्या कागदावर होता. धक्क्यावर, इंजिनाशी, तिकिटाच्या खिडकीत सगळीकडे एकच शब्द चालायचा, नाखवा. तोही एका वेळी एकाच माणसासाठी. बोटीवर नाखवा दोन असू शकत नाहीत, हे आम्हा बहिणींना पाढे यायच्या आधीपासून ठाऊक होतं. आमचे बाबा नाखवा होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. आणि त्यांच्यानंतर माझी ताई होणार, हे मुलगा नाही म्हणून हळहळणाऱ्या नातेवाइकांनीसुद्धा कधीच मान्य करून टाकलं होतं, कारण ताईइतका हलका हात सुकाणूवर दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती बोट धक्क्याला लावायची तेव्हा उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नसे.

बोट म्हणजे नदीच्या मुखावरून माणसं अलीकडून पलीकडे नेणारी लाकडी फेरी. मधोमध बाकं, त्यावर छत, मागे उंचवट्यावर सुकाणूची काचेची केबिन, आणि पुढे निमुळतं टोक, त्याला आम्ही नाळ म्हणायचो. गर्दीच्या वेळी माणसं उभी राहायची, सायकली उभ्या राहायच्या, आणि केबिनमधून नाळेच्या पुढचं पाणी अजिबात दिसायचं नाही. मुखातून मोठी जहाजं आत यायची, वाहून आलेले ओंडके असायचे, कोळ्यांची जाळी असायची. म्हणून नाळेवर एक माणूस कायम बसलेला असे. तो पुढे बघून ओरडायचा, "नाखवा, पुढं मोकळं!" ही हाक आली की केबिनमधला माणूस वेग वाढवणार. हाक नाही आली तर बोट जागच्या जागी. मग कुणाची गाडी चुको, की कुणाचं लग्न.

आमच्याकडे नाळेवर बसायचा तो माणूस आवाजामुळे भोंगा म्हणून ओळखला जाई. त्याच्या बायकोलाही लोक भोंगीण म्हणत, आणि ती बिचारी इतकं हळू बोलायची की दोनदा विचारावं लागे. इंजिनाशी मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो जमिनीवर बाबांना "भावोजी" म्हणायचा आणि बोटीवर पाय ठेवला की "नाखवा". एकदा फळीवर एक पाय बोटीत आणि एक धक्क्यावर असताना बाबांनी त्याला काहीतरी विचारलं, तर म्हणाला, "थांबा, आधी ठरू द्या तुम्हाला काय म्हणायचं ते." मी तिकिटं फाडायचे. आई बोटीवर फारशी येत नसे. तिला बोट लागायची.

नाखवेपण हातातून हातात जायचं त्याची एक रीत होती. कागद वगैरे काही नाही. जुना नाखवा एका फेरीला केबिन सोडून स्वतः नाळेवर जाऊन बसायचा. केबिनमध्ये नवा माणूस. बोट मध्यावर आली की जुना नाखवा, आयुष्यभर जी हाक त्यानं ऐकलेली, ती स्वतःच्या तोंडानं द्यायचा, "नाखवा, पुढं मोकळं!" झालं. त्या हाकेनंतर तो नाखवा राहत नसे. बाबांना ती हाक आजोबांनी दिली तेव्हा आजोबांचा आवाज फाटला होता, असं आई सांगायची.

ताईला परवाना मिळून बराच काळ लोटला होता. निम्म्या फेऱ्या तीच मारायची. पण बाबा केबिनमध्ये तिच्या शेजारी स्टुलावर बसलेले असायचे आणि सुकाणू ताईच्या हातात असलं तरी भोंग्याची हाक यायची ती बाबांनाच. ताई ओठ मिटून वेग वाढवायची. एकदा भोंग्याला तिनं अडवलं.

"काका, चालवतेय मी. हाक त्यांना का?"

"मग कुणाला देऊ, पोरी?" भोंगा म्हणाला. "तुला नाखवा म्हणायचं ते नाखवा म्हणतील तेव्हा. मी कोण?"

"आणि ते कधी म्हणणार?"

"ते मला विचारू नकोस. मला पुढचं विचार. मागे काय चाललंय ते मला दिसत नाही."

शेवटी ठरलं. बोट वर ओढून तळ खरवडायचा, रंग द्यायचा, आणि पाण्यात उतरल्यावर पहिल्याच फेरीला बाबा नाळेवर बसणार. बाबांनी हे जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज सांगितलं. ताईनं मान खाली घालून घास घेतला, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. रात्रभर ती कूस बदलत होती. "झोप ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "धाकटे, आवाज नाही ना गं फाटणार त्यांचा? फाटला तर मी रडेन, आणि रडले तर समोरचं दिसणार नाही."

बोट वर ओढण्याच्या आधीच्या आठवड्यात ते शब्दवाले आले. कुठल्याशा विद्यापीठात शिकवणारे होते, आणि धक्क्याधक्क्यावर जाऊन तिथले शब्द विचारायचे. जाडजूड गृहस्थ, घाम पुसत बोटीवर चढले आणि भोंग्याची हाक ऐकून असे चमकले, जसं कुणी त्यांचंच नाव घेतलं. फेरी संपली तरी उतरेनात. परतीला पुन्हा तिकीट काढून बसले, आणि बोट धक्क्याला लागल्यावर बाबांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"नाखवा म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?"

"मी," बाबा म्हणाले.

सगळे हसले. शब्दवालेही हसले. मग त्यांनी सांगितलं. शब्द फारसी. नाव म्हणजे आपली नावच, आणि पुढे खुदा. नाव-खुदा, त्याचा नाखुदा. खलाशांच्या तोंडी बंदराबंदरातून फिरता फिरता त्याच्या कडा झिजल्या आणि तुमच्या धक्क्याला लागला तो नाखवा होऊन.

"खुदा म्हणजे देव?" इंजिनाच्या भोकातून मामाचं डोकं वर आलं. "अरे बाप रे. म्हणजे नाखवा नुसते नवरे नाहीत. अक्काला सांगायला हवं, भांडण जरा बेतानं कर."

"देव हा अर्थ आहेच," शब्दवाले म्हणाले, "पण आधीचा अर्थ धनी. घरधनी म्हणतो ना, तसा नावेचा धनी. आणि गंमत म्हणजे, जुन्या मोठ्या जहाजांवर नाखवा सुकाणूला हात लावायचाच असं नाही. वाट ओळखणारा माणूस वेगळा असायचा. नाखवा म्हणजे, जहाजावर जे जे आहे, माल, माणसं, त्या सगळ्याचं उत्तर ज्याला द्यावं लागतं तो. बुडालं तर जबाब त्याचा."

बाबा पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हे कधी कुणी सांगितलं नव्हतं."

"मग आज तिकिटाचे पैसे परत द्या त्यांना," मामा म्हणाला, आणि पुन्हा खाली गेला.

त्या दिवसानंतर बाबा गप्प झाले. बोट वर होती ते दिवस ते रंगाऱ्यांजवळ जाऊन बसायचे, हातानं फळ्या चाचपायचे. आईनं विचारलं, "अहो, बरं नाही का?" तर म्हणाले, "काही नाही. विचार करतोय." बाबा विचार करतायत ही बातमी आमच्या घरात काळजीचीच असायची.

फेरीचा दिवस उजाडला. आई नवी साडी नेसून, तोंडात लवंग धरून बोटीवर आली. भोंग्यानं नाळेवरची आपली गादी झटकून बाबांसाठी ठेवली आणि स्वतः बाकावर जाऊन बसला. इतका अवघडून बसला, की परक्या घरी आलाय असं वाटावं. रोजचे प्रवासी होते, त्यांनाही ठाऊक होतं. दूधवाल्यानं चक्क टोपी काढली. बाबा बाकांच्या मधून, एकेका बाकाच्या पाठीला हात लावत पुढे गेले आणि नाळेवर बसले. मला वाटलं, बाकांचा निरोप घेतायत.

ताईनं बोट सोडवली. धक्का मागे पडला. मध्यावर येताच तिनं रीतीप्रमाणे वेग कमी केला आणि थांबली.

हाक आली नाही.

आम्हा सगळ्यांना बाबांची पाठ दिसत होती. पाठ ताठ होती. मान थोडी पुढे. ते एकदा डावीकडे वळले, एकदा उजवीकडे. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. प्रवाह बोट हळूहळू आडवी करत होता. लांबून एक मालवाहू बार्ज येत होती, तिनं भोंगा वाजवला. आमचा भोंगा बाकावर अर्धा उठला, पुन्हा बसला. आज हाक देण्याचा हक्क त्याचा नव्हता.

"बाबा!" ताईनं केबिनमधून आवाज दिला. तिच्या आवाजात विनंती होती, ती मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

बार्जनं दुसऱ्यांदा भोंगा वाजवला. बाबा उठले. पुन्हा एकेका बाकाला हात लावत मागे आले, केबिनची पायरी चढले, आणि ताईच्या हातातलं सुकाणू धरलं.

"अजून नाही," ते म्हणाले.

"का?"

"अजून नाही म्हटलं ना. भोंग्या, जा तुझ्या जागेवर."

भोंगा धावला. हाक आली, "नाखवा, पुढं मोकळं!", बोट हलली, बार्ज आमच्या मागून निघून गेली. ताई केबिनच्या दारात उभी होती. तिच्याकडे न बघण्यासाठी सगळी बोट पाण्याकडे बघत होती. दूधवाल्यानं टोपी घातली.

घरी आई भडकली. "त्या मेल्या शब्दवाल्यानं घातलं हे डोक्यात! देव म्हणे. झाला बसून देव! स्वतःच्या पोरीला द्यायला शब्द जड झाला?"

बाबा चहा पीत राहिले. मामानं पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. आणि ताईनं एकही प्रश्न विचारला नाही. तिचा स्वभावच तसा होता. एकदा "का?" विचारून झालं, उत्तर मिळालं नाही, आता दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे भीक मागणं. महिनाभर ती रोजच्या फेऱ्या मारत राहिली, आणि मग दूरच्या एका मोठ्या बंदरात टगबोटीवर नोकरी धरली. मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्यापर्यंत ओढून नेणाऱ्या त्या ठेंगण्या बोटी असतात ना, त्यावर. निघताना बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला तो आधी तिच्या खांद्यावर पडला, मग डोक्यावर गेला. मला वाटलं, गडबडीत चुकला.

पुढे काय सांगू. ताई त्या बंदरात वर वर चढत गेली. सुट्टीला यायची ती आईसाठी. बाबांशी हवापाण्याचं बोलायची. "वारा कसा आहे तिकडे?" "बरा आहे." "भरती?" "मोठी असते." दोघंही त्या विषयातले जाणकार, त्यामुळे संभाषण लांबवता यायचं. आई गेली तेव्हा ती येऊन पंधरवडा राहिली, तेव्हाही तेच. बाबा बोट चालवत होते. संध्याकाळच्या फेऱ्या त्यांनी एका नव्या माणसाला दिल्या, "कंटाळा येतो" म्हणून. आम्ही म्हटलं, वय झालं. मग मुखावर पूल झाला. पुलावरून माणसं चालत, सायकलवर, बसनं जाऊ लागली. वर्षभर बोट रिकामी फिरली, आणि विकली गेली. एका माणसानं तिची बाकं हॉटेलसाठी नेली, लाकूड दुसऱ्यानं. भोंग्यानं आपली गादी घरी नेली. बाबा त्यानंतर माझ्याकडे राहायला आले.

माझ्या घरात मला पहिल्यांदा कळलं. घर त्यांना नवं होतं. ते दाराच्या चौकटीला धडकायचे, चहा कपाच्या बाहेर ओतायचे, माझ्या नवऱ्याला आवाज ऐकल्याशिवाय ओळखायचे नाहीत. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी यंत्रातून एकदा या डोळ्यात, एकदा त्या डोळ्यात बघितलं आणि खुर्ची मागे घेतली.

"डाव्याचं आता काही करता येणार नाही. उजव्याचा मोतीबिंदू काढला तर दिसेल. पण हे फार जुनं आहे, आजोबा. कधीपासून दिसत नाही?"

"दिसत होतं की," बाबा म्हणाले. "उजेड दिसत होता. मोठं काही आलं तर सावली दिसायची."

"कधीपासून?"

बाबा माझ्या दिशेनं वळले. "बोट रंगवली, त्याच्या आधीपासून."

मी त्या दवाखान्यातल्या बाकावर बसले. बाईंनी पुढे काय सांगितलं, मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, तर सगळं सांगितलं, जणू वाटच बघत होते. केबिनमध्ये त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. वाट हाताला पाठ, आणि पुढचं बघायला भोंगा होता. रोज त्याच्या डोळ्यांनी बोट चालत होती. नाळेवर मात्र स्वतःचे डोळे लागतात.

"मग हाक द्यायची नुसती! सगळे होतेच की तिथे. ताईला काय कळणार होतं?"

"आधी तसंच ठरवलं होतं," बाबा म्हणाले. "डोळे मिटून ओरडून टाकायचं. एक हाक तर द्यायची. पण तो माणूस बोलून गेला ना. बुडालं तर जबाब नाखव्याचा. तिथे बसलो, आणि समोर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात काय आहे मला कळेना. आणि मी तिला म्हणणार, पुढं मोकळं. तिला नाखवा म्हणणार, आणि पहिलाच शब्द खोटा देणार. बार्ज होती ना गं तिथे? होती ना?"

"लांब होती, बाबा."

"मला नुसता तिचा भोंगा ऐकू आला. लांब की जवळ, ते कसं कळणार?"

म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती. शब्दवाल्यानंच घातलं होतं डोक्यात. फक्त तिला वाटलं होतं त्याच्या उलटं.

मी ताईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऑपरेशन कधी आहे?" आणि रजा घेऊन आली.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढली तेव्हा ताई समोर उभी होती. बाबांनी तिला न्याहाळलं, खालपासून वरपर्यंत, आणि म्हणाले, "केस कधी पिकले तुझे?"

"झाली की वर्षं," ताई म्हणाली.

"आईसारखी दिसतेस. आधी नव्हतीस दिसत."

"आधी तुम्ही बघितलं कुठे?" ताई हसत म्हणाली, आणि तोंडातून गेल्यावर तिनं जीभ चावली.

दुपारी मी चहा टाकायला उठले होते तेव्हा खोलीतून दोघांचं बोलणं ऐकू आलं. ताई आधी रागावली होती, आणि ती रागावली ते मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हवापाणी सोडून काहीतरी चाललं होतं.

"इतकी माणसं घेऊन जात होतात तुम्ही. काही दिसत नसताना. मला सांगायचं होतंत ना."

"सांगितलं असतं तर तू मला केबिनमध्ये बसू दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग?"

"मग काय? घरी बसला असतात. डोळे तेव्हाच केले असते. दोन्ही डोळे वाचले असते, बाबा."

बाबा म्हणाले, "मला वाटलं, थोडे दिवस. डोळे थोडे निवळतील, मग देऊ हाक. तू जाशील असं नव्हतं वाटलं."

"मला वाटलं, तुम्हाला द्यायचीच नाही."

मी चहा घेऊन दारात गेले. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. खाली रस्ता होता, रिक्षा, भाजीची गाडी. ते खुर्चीत सरळ झाले. "आता दिसतंय," ते ताईला म्हणाले. "म्हणू का?"

ताईनं खिडकीबाहेर बघितलं. मी ट्रे धरून उभी राहिले. वाटलं, हो म्हण. खोली तर खोली. म्हणू दे एकदा म्हाताऱ्याला, आणि ऐक तूही.

"कुठल्या बोटीवर, बाबा?" ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. तिला खरंच कळत नव्हतं, बोट नसताना ते कसं म्हणायचं. "पाणी नाही, काही नाही. इथे तो शब्द मला घेता नाही यायचा. राहू द्या."

बाबांनी मान हलवली. एका नाखव्याचं दुसऱ्याला पटावं तशी. मग तिनं टेबलावरची बाटली उचलली, त्यांची हनुवटी वर केली आणि उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले. तिचा हात अजून तसाच हलका होता. त्यांच्या पापणीलाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बसस्टॉपवर सोडायला गेले. बस येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "एकदा सांगायला हवं होतं गं त्यांनी. नुसतं एवढंच, दिसत नाही म्हणून. मी स्वतः नाळेवर नेऊन बसवलं असतं, आणि शेजारी भोंगाकाकांना बसवलं असतं, काय दिसतंय ते सांगायला."

घरी परत आले तर बाबा खिडकीतच होते. "गेली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं तिनं," ते म्हणाले. "का म्हणून. पहिल्यांदा माणूस काहीतरी बोलून जातो. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

मी दोघांचे निरोप दोघांना पोचवले. बाबांना तिथल्या तिथे, ताईला रात्री फोनवर. दोघंही "हं" म्हणाले. मग बाबांनी रेडिओ लावला, आणि ताईनं विचारलं, त्यांनी थेंब घातले का.